सोलकढी प्यायल्यावर जेवण लवकर पचतं का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मालवणात दुपारी सुरमईची थाळी जेवलात, वर दोन वाट्या सोलकढी घेतलीत, आणि दोन-अडीच तासांनी आंबोली घाटात उलटी झाली. त्यात मासा दिसला नाही, पण भाताची शितं तशीच्या तशी. मग सोलकढीने पचवलं काय, आणि तुमचं पोट बिघडलंय का?

पोट बिघडलेलं नाही. जठराचा रस भात पचवतच नाही, मग शितं दिसणारच. आमची इथे खानावळ आहे आणि कॉलेजात माझा विषय प्राणिशास्त्र होता, त्यामुळे हा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

भाताचं पचन तोंडात सुरू होतं. लाळेत अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते पिष्टाची साखर करायला घेतं. भात नुसताच चावत राहिलात तर थोड्या वेळाने गोडसर लागतो, तो त्यामुळे. पण कढी ओतून कालवलेला भात चावतो कोण? घास सरळ खाली जातो. (गर्दीच्या दिवसांत आम्हाला ते बरंच, टेबल लवकर मोकळं होतं.) जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, त्यात हे अमायलेज हळूहळू निकामी होतं. जठराचं स्वतःचं मुख्य विकर म्हणजे पेप्सिन, आणि ते फक्त प्रथिनांना हात लावतं. म्हणजे सुरमईची तुकडी विरघळायला लागते आणि भात नुसता घुसळला जातो. त्यातून माशाच्या मांसात मटणासारखे चिवट धागे नसतात, म्हणून तो लवकर विरतो.

जठररसाचं हे काम नीट कळलं तेही एका अपघातामुळे. १८२२ साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सी सेंट मार्टिन या तरुणाला अगदी जवळून बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण पोटावरचं भोक जठरापर्यंत उघडंच राहिलं. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने त्यातून रस काढला, बाटलीत मांसाचा तुकडा घालून अंगाच्या उष्णतेइतका गरम ठेवला, तर तुकडा शरीराबाहेरही विरघळला. त्याचं पुस्तक १८३३ साली आलं.

आता सोलकढी. आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, आंबटी जठरातल्या आम्लापुढे किस झाड की पत्ती. नारळाचं दूध तर उलट दिशेने काम करतं. जठराच्या खालच्या तोंडाशी एक झडप असते, ती बहुतेक एक-दोन मिलिमीटरपर्यंत बारीक झालेलंच पुढे सोडते. पुढच्या आतड्यात तेल-तूप पोचलं की तिथून एक संप्रेरक सुटतं आणि जठराला सांगतं, सावकाश. तुमच्या थाळीत तळलेली तुकडी, खोबऱ्याच्या वाटणाची कढी आणि वर सोलकढी, तिन्हीकडे स्निग्धच. असं जेवण जठरात चार तासही सहज राहतं. सोलकढीने बरं वाटतं ते खरं आहे, पण कारण वेगळं. मिरचीचा जहाल पदार्थ पाण्यात फारसा विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो, म्हणून तोंडाची आग शमते. आंबटामुळे लाळही भरपूर सुटते. पचवण्याचं श्रेय मात्र तिला देऊ नका.

खरं पचन होतं लहान आतड्यात. जवळजवळ सहा मीटर लांब नळी. तिच्या पहिल्या वीतभरात स्वादुपिंडाचा रस येतो. तो आम्ल मारतो, आणि त्यातलं अमायलेज तोंडात अर्धवट राहिलेलं भाताचं काम पुरं करतं. तिथेच यकृतातलं पित्त येतं. पित्त मी रोज बघते. मोठा मासा साफ करताना काळजाला, म्हणजे यकृताला, चिकटलेली हिरवट पिशवी असते, तिला सुरी लागली की आसपासचं मांस कडू होतं, धुऊनही पुरतं जात नाही. आपलंही पित्त तसंच हिरवट-पिवळं नि कडू. नारळाचं दूध पिळल्यावर हाताचा ओशटपणा नुसत्या पाण्याने जात नाही, साबण लागतो. पित्त आतड्यात तेच करतं. तेलाचे बारीक थेंब होतात, मग स्वादुपिंडाचं लायपेज त्यांना तोडतं. तुटून तयार झालेला माल आतड्याच्या अस्तरावरचे सूक्ष्म उंचवटे शोषतात. या अस्तराचं क्षेत्रफळ टेनिस कोर्टाएवढं म्हणून सांगायचे, नव्या मोजणीत ते ३० चौरस मीटरच्या आसपास भरलं. म्हणजे दोन मोठ्या खोल्या, तेही काही कमी नाही.

उरलेला चोथा, मिरचीची सालं, कोथिंबिरीचे देठ मोठ्या आतड्यात जातात. तिथे पाणी शोषलं जातं, जिवाणू आपला वाटा खातात, गॅस होतो. सगळा प्रवास संपायला एक ते तीन दिवस.

तुमची उलटी घाटातल्या वळणांची. कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा गोंधळली, आणि जठर भरलेलं होतं, एवढंच. पुढच्या वेळी आंबोली चढायची असेल तर तळलेल्याऐवजी बांगड्याचं तिखलं मागा, त्यात खोबरं नसल्यात जमा. दुसऱ्यांदा भात वाढायला आले तर ताटावर हात धरा. मात्र प्रवास नसतानाही सकाळचं जेवण संध्याकाळी उलटून पडत असेल, आणि असं वारंवार होत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. झडपेपाशी अडथळा असू शकतो.