इंग्लंडातला खून गोव्यात आणताना

प्रिय,

तुझा आराखडा वाचला. १९३० च्या सुमाराची, इंग्लिश हवेलीतल्या खुनाची कादंबरी घ्यायची, दिवाडी बेटावरच्या एका भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरात ती बसवायची, काळ १९६० चा धरायचा आणि तिच्यावर सिनेमा करायचा, हा बेत मला आवडला. बेटावर फेरीने जावं लागतं, मोबाइल नसलेला काळ आहे आणि पावसात मांडवीला जोर आला की माणसं अडकून पडतात. संशयित एका छपराखाली कोंडायला याहून चांगली जागा नाही. अडचण अशी की पात्रांची नावं गोव्याची झाली, ताटात शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशाची आमटी, आलं, तरी खून अजून इंग्लंडातच होतोय. खुनाचं कारण, मृत्यूची वेळ, पुरावे हे सगळं तिथल्या कायद्यावर, तिथल्या थंडीवर आणि तिथल्या घरांवर उभं आहे. इथे आणल्यावर त्यातलं काय टिकतं, ते एकेक करून तपासावं लागेल.

त्याआधी हक्कांचं बघ. भारतात लेखक गेल्यानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं स्वामित्वहक्क चालतो. आर्थर कॉनन डॉयल १९३० मध्ये गेले, त्यांचं लेखन मोकळं आहे. अगाथा ख्रिस्ती १९७६ मध्ये गेल्या, म्हणजे २०३६ सरेपर्यंत परवानगीशिवाय हात लावता येणार नाही. बाबुराव अर्नाळकर १९९६ मध्ये गेले, तिथे २०५६ पर्यंत थांबावं लागेल. ब्रिटनमध्ये हीच मुदत ७० वर्षांची आहे, तेव्हा सिनेमा तिकडच्या महोत्सवात न्यायचा असेल तर तो हिशेब वेगळा धर. मूळ पुस्तक मोकळं असलं तरी त्याच्या मराठी अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असू शकतो. म्हणून मूळ इंग्रजीवरूनच काम कर आणि अनुवादातलं एकही वाक्य उचलू नकोस. हक्क विकत घेणार असशील तर करार लेखी आणि सहीचा हवा. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळं म्हटलेलं नसल्यास, तो हातचा जातो. पैसे जमवण्यातच वर्ष सरतं, त्यामुळे वापराची मुदत निदान तीन-चार वर्षांची लिहून घे.

आता कामाला बस. मोठ्या कागदावर तीन रकाने आख. पहिल्यात प्रत्यक्ष काय घडलं ते तासा-मिनिटांनी लिही: खुनी कुठे, बाकीचा प्रत्येक जण कुठे, कुठलं दार उघडं, कुठला दिवा चालू. दुसऱ्यात गुप्तहेराला काय केव्हा कळलं. तिसऱ्यात प्रेक्षकाला काय केव्हा दिसलं. पहिला रकाना कादंबरीत सलग कुठेच सापडणार नाही, तो शेवटच्या प्रकरणांतून आणि जबान्यांतून वेचून काढावा लागतो. तो भरेपर्यंत एकही दृश्य लिहू नकोस. भरताना मूळ लेखकाच्याही फटी दिसतील. शब्दांच्या ओघात त्या खपून गेलेल्या असतात, पडद्यावर उघड्या पडतात.

पहिली मोठी फट कारणाची. तुझ्या कथेत म्हातारा मृत्युपत्र बदलून थोरल्या मुलाला बाहेर काढणार असतो, म्हणून मारला जातो. त्या काळच्या इंग्लंडात हे चालत होतं, माणूस सगळी मालमत्ता हव्या त्याच्या नावे करू शकत होता. गोव्यात नाही. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक, निम्मी-निम्मी. शिवाय नवऱ्याच्या निम्म्यातलं निम्मं मुलांसाठी कायद्यानेच राखलेलं. म्हणजे शंभर भागांतले पन्नास बायकोचे, पंचवीस मुलांचे, आणि भाटकाराच्या मर्जीचे उरले पंचवीस. ठरावीक गंभीर कारणांशिवाय मुलाला बेदखल करता येत नाही. १९६१ मध्ये पोर्तुगीज गेल्यानंतरही हा वारसाकायदा गोव्यात चालूच राहिला, त्यामुळे तुझ्या प्रेक्षकातल्या निम्म्या लोकांना तो घरच्या वाटण्यांवरून ठाऊक असणार. ते पहिल्या वीस मिनिटांतच म्हणतील, याला खून करायची गरजच काय होती?

पण हाच कायदा तुला मूळ कादंबरीपेक्षा चांगलं कारण देतो. स्थावर विकायचं तर नवरा-बायको दोघांची संमती लागते. भाट, म्हणजे नारळाची बाग, विकून कुणाला तरी कर्जातून सुटायचंय आणि घरातली बाई सही देत नाही, इथून सुरुवात कर. दुसरी गोष्ट इन्व्हेंटरीची. माणूस गेला की कुटुंबप्रमुख शपथेवर मालमत्तेची यादी देतो, तिचं मोल ठरतं आणि एखाद्या वस्तूवर वारस आपापसात बोलीही लावतात. सगळे वारस एका घरात जमायला, पेट्या उघडायला, एकमेकांवर डोळा ठेवायला हे अस्सल निमित्त आहे. शिवाय यात पडद्यावर उत्तम दिसणारा पुरावा दडलाय: पहिल्या दृश्यात देव्हाऱ्याजवळ ठेवलेली, आणि यादीत नसलेली वस्तू.

दुसरी फट मृत्यूच्या वेळेची. इंग्लिश डॉक्टर प्रेताला हात लावून सांगतो, दोन तास झाले. गार खोलीत ते शोभतं. इथल्या पावसाळ्यातल्या दमट हवेत ३७ अंशांचं शरीर निवणार किती? उकाड्यात प्रेताचा ताठरपणाही लवकर येतो आणि लवकर सुटतो. म्हणून वेळेचा पुरावा शरीरावरून काढून दुसरीकडे ने. भरती-ओहोटी बघ. दिवसातून दोनदा भरती येते आणि रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. काल संध्याकाळी होडी कुठल्या पायरीला बांधली होती, हे सांगणारा साक्षीदार खोटं बोलला की तो पकडला जातो. फक्त सगळी दृश्यं लिहिण्याआधी चार दिवसांचं भरतीचं वेळापत्रक ठरव, नाहीतर तुझ्याच नदीचं पाणी तुला खोटं पाडेल.

तिसरी फट घराची. मूळ कथेतलं पत्र दिवाणखान्यातल्या शेकोटीत जळतं. आपल्याकडे शेकोटी नाही. आग दोनच ठिकाणी असते, रांधपाच्या चुलीत आणि न्हाणीत भाणीखाली, म्हणजे पाणी तापवायच्या हंड्याखाली. दोन्हीकडे पहाटेपासून बायकांचा वावर. पत्र जाळणाऱ्याला भाणीपाशी जाण्याचं कारण हवं आणि वेळ ती हवी जेव्हा पाणी तापवायला कुणी आलेलं नाही. सकाळी तीच राख भांडी घासायला काढली जाते. राख उपसणाऱ्या हाताला न जळलेला कोपरा लागतो. तो शोध गुप्तहेराला देऊ नकोस, त्या बाईला दे. तिला वाचता येत नसेल तर आणखी चांगलं, कारण मग ती तो कागद जपून ठेवते की चुलीत टाकते यावर पुढची दहा मिनिटं तोलता येतात.

आणि खिडक्या. जुन्या घरातली शिंपल्यांची तावदानं नीट बघून ये. शिंपल्याच्या पातळ चकत्या लाकडी पट्ट्यांत बसवलेल्या असतात. उजेड आत येतो, दुधाळ, पण आरपार दिसत नाही. रात्री आत दिवा असेल तर बाहेरून उजळलेले चौकोन दिसतात, माणूस तावदानाला अगदी लागून गेला तर एखादी सावली. चेहरा कधीच नाही. तुझ्या कादंबरीतला साक्षीदार बागेतून बंद खिडकीपलीकडचा चेहरा ओळखतो. तेच विधान इथे जसंच्या तसं ठेव, फक्त इथे ते खोटं ठरतं आणि सगळं रहस्य त्यावर सुटू शकतं. ती खिडकी बंद असताना आधी तीन-चारदा दाखव, दर वेळी पूर्ण खोलीच्या चौकटीत, पुढे दुसरंच काही चाललेलं असताना: कुणी पान लावतंय, कुणी हिशेबावरून भांडतंय. क्लोजअप घेतलास की खेळ संपला. लेखक पुरावा सात वस्तूंच्या यादीत पाचवा लिहून लपवतो, कॅमेऱ्याने जवळ जाऊन पाहिलेली वस्तू मात्र लपत नाही. आणि दाखवलीच नाहीस तर प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटेल, ते त्याहून वाईट.

कोटातला अनोळखी माणूस, आवाज बदललेली बाई, या युक्त्याही कागदावरच्या आहेत. पडद्यावर नट ओळखू येतो. त्या सरळ काढून टाक. नटांचं म्हणशील तर, सगळ्यांत नावाजलेल्या चेहऱ्याला दुय्यम संशयित केलंस की खुनी कोण ते पोस्टरवरच कळतं. निदान तीन तुल्यबळ नट घे.

मूळ कथेत बारा संशयित आहेत. दोन तासांत सहा, फार तर सात पेलतात. कुणाला गाळण्याआधी तो कुठला पुरावा वाहतोय ते बघ आणि तो दुसऱ्याच्या हाती दे. उरलेल्या प्रत्येकाला खुनाशी संबंध नसलेलं एक गुपित हवं, नाहीतर निर्दोष माणूस खोटं का बोलतो याला उत्तर राहत नाही.

जबान्या म्हणजे कादंबरीचा कणा आणि सिनेमाचं मरण. एकापाठोपाठ आठ जणांना खुर्चीत बसवून विचारू नकोस. पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. तुझ्या आराखड्यात अशी चाळीस पानं होतील. दोन-तीन जबान्या बसून ठेव, बाकीच्या कामाच्या ओघात घे: नारळ पाडताना, फेरीच्या धक्क्यावर, यादी करताना. शेवटचा उलगडा आठ ते दहा मिनिटांत संपव आणि त्यात नवी माहिती एकही नको. आधी दिसलेल्या गोष्टींचा अर्थ तेवढा बदलू दे.

चित्रीकरणाबद्दल थोडकंच. खरा पाऊस कॅमेऱ्यात फारसा दिसत नाही, मागून प्रकाश टाकावा लागतो, आणि कौलांवरच्या आवाजात संवाद बुडतात. पावसाची दृश्यं ऑक्टोबरनंतर कृत्रिम पावसात घे, हिरवळ तेव्हाही असते. जनरेटरची गाडी फेरीत मावते का, ते माप घेऊन आधी विचार. परवानग्यांसाठी एंटरटेन्मेंट सोसायटी ऑफ गोवाकडे वेळेत अर्ज कर. १९५९ पासून इथे एस्कुदो चालत होता, तेव्हा १९६० च्या खिशातून रुपया काढू नकोस.

पहिला मसुदा झाला की कादंबरी न वाचलेल्या पाच-सहा जणांना मोठ्याने वाचून दाखव. साठाव्या पानावर थांब आणि प्रत्येकाला वेगळ्या चिठ्ठीवर खुनी आणि कारण लिहायला सांग. सगळ्यांनी बरोबर नाव लिहिलं तर एखादा पुरावा ओरडतोय. एकानेही लिहिलं नाही तर तो दिसतच नाहीये. कारणाच्या रकान्यात 'मृत्युपत्र' आलं, तर इंग्लंड अजून गेलेलं नाही.

पुढच्या वेळी पटकथेआधी ते तीन रकाने पाठव.

आशीर्वादांसह