शिकारी पक्षी मुलांना प्रत्यक्ष कसे दाखवावेत?

प्रश्न : आमच्या कोथरूडच्या सोसायटीत मुलांसाठी शिकारी पक्ष्यांची ओळख करून देणारा कार्यक्रम ठेवायचा आहे. परदेशात हातमोजा घातलेल्या प्रशिक्षकाच्या मनगटावर ससाणा बसवून माहिती देतात, तसे इथे करता येईल का?

उत्तर : नाही, आणि ते बरेच आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार शिक्रा, घार, ससाणा असे देशी पक्षी पकडणे किंवा परवानगीवाचून बाळगणे हा गुन्हा आहे. त्यामुळे तसा पक्षी घेऊन कोणी येतो म्हणाला, तर आधी त्याचे कागद पाहावेत. आपल्याला मात्र पक्षी आणण्याची गरजच नाही, कारण सोसायटीच्या गच्चीवरून घारी रोज दिसतात. घिरट्या घालताना घार शेपूट सुकाणूसारखी वळवते आणि त्या शेपटीच्या टोकाला मधोमध खाच असते, एवढे मुलांनी दुर्बिणीतून एकदा पाहिले की ब्राह्मणी घारीची गोल शेपटी त्यांना वेगळी सांगावी लागत नाही. हिवाळ्यात सासवड-सुप्याकडच्या माळरानांवर जावे. तिथे लाल डोळ्यांची कापशी घार हवेत एका जागी पंख फडफडवत थांबते आणि उंदीर दिसताच पाय खाली सोडून उतरते. हिवाळी पाहुणे असलेले भोवत्ये हे शिकारी पक्षीही गवतावरून अगदी खालून उडत भक्ष्य शोधताना दिसतात. सोबत जाणकार पक्षिनिरीक्षक असावा. घरट्याजवळ मात्र मुळीच जाऊ नये. कार्यक्रमासाठी 5 ते 12 नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह सोयीचा पडेल.