वारसाने की वारशाने?

'आजोबांचे घर मला वारसाने मिळाले' हे बरोबर की 'वारशाने मिळाले', आणि त्या घराला वडिलोपार्जित म्हणावे का, असा प्रश्न आहे.

'वारशाने'च बरोबर. वारस म्हणजे माणूस आणि वारसा म्हणजे त्याच्याकडे येते ते. वारसचे रूप वारसाला, वारसाने असे चालते. वारसा मात्र आरसा-आरशात, घसा-घशात, पैसा-पैशाने यांच्या वळणाने जातो: वारशाने, वारशात. 'घर वारसाने मिळाले' याचा अर्थ कोणा वारसाने ते मिळवून दिले असा होईल. घोळ बहुधा 'वारसाहक्काने' या शब्दामुळे होतो. तिथे प्रत्यय हक्काला लागतो, म्हणून वारसा जसाच्या तसा राहतो. हक्क गाळला की स चा श करायलाच हवा.

वारस मूळचा अरबी, फारसीतून आपल्याकडे आला. मिरास हा शब्दही त्याच धातूचा. मराठेशाहीत गावात पिढ्यान्‌पिढ्या जमिनीचा हक्क असलेला तो मिरासदार, बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. म्हणजे वारस आणि मिरासदार हे एकाच घरातले शब्द. मला ही जोडी फार आवडते.

वडिलोपार्जितमधला 'वडील' म्हणजे फक्त बाप नव्हे, वाडवडील. आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घर बांधले असेल तर कागदोपत्री ते त्यांचे स्वकष्टार्जित. बोलताना वडिलोपार्जित म्हटले तर बिघडत नाही, पण दस्तात हा शब्द जपून घालावा. आणि घर-जमिनीऐवजी घाऱ्या डोळ्यांसारखे काही आईवडिलांकडून आले असेल, तर त्यासाठी 'आनुवंशिक' हा शब्द आहे, तरी 'आईकडून वारशाने आले' हे मला जास्त आपले वाटते.

विचारले नसले तरी एक सांगतोच. वारस या शब्दाला वेगळे स्त्रीलिंगी रूप लागत नाही. मुलगा वारस, मुलगीही वारसच. तरी तीन मुलींच्या घराबद्दल 'त्यांना वारस नाही' असे आजही सहज बोलले जाते. ते ऐकवत नाही. हिंदू वारसा कायद्याने 1956 मध्येच मुलीला बापाच्या मिळकतीत वारस ठरवले. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये दिला आणि 2005 मध्ये तो देशभर लागू झाला. तलाठ्याच्या गाव नमुना 6 क मध्ये, म्हणजे वारस नोंदवहीत, मयताच्या मुलींची नावे मुलांच्या बरोबरीनेच लागतात.