अमेरिकेतल्या राज्याचा ॲटर्नी जनरल: सरकारचा वकील की लोकांचा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. अमेरिकेतल्या राज्यांच्या ॲटर्नी जनरलला आपल्या महाधिवक्त्यापेक्षा जास्त अधिकार असतात का? आणि बॉस्टनला शिकायला निघालेल्या तुमच्या मुलीला तिथे कुणी फसवलं, तर तिला त्यांच्याकडे दाद मागता येईल का? दोन्हींचं उत्तर हो आहे. दुसऱ्या ‘हो’ला मात्र एक मर्यादा आहे, ती शेवटी सांगतो. मी वकील नाही, पण बॉस्टन ज्या राज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो आणि या पदाच्या कामाकडे बरीच वर्षं लक्ष ठेवून आहे.

आपल्याकडे घटनेच्या कलम १६५ नुसार राज्यपाल महाधिवक्ता नेमतात, म्हणजे प्रत्यक्षात राज्य सरकारच नेमतं. सरकार बदललं की बहुधा तोही बदलतो. सरकारला सल्ला देणं आणि कोर्टात सरकारची बाजू मांडणं हे त्याचं मुख्य काम. अमेरिकेत ५० पैकी ४३ राज्यांत ॲटर्नी जनरल थेट लोकांच्या मतांवर निवडून येतो. न्यू जर्सीसारख्या पाच राज्यांत गव्हर्नर (राज्याचा निवडून आलेला प्रमुख, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा) त्याला नेमतो, मेनमध्ये विधिमंडळ निवडतं आणि टेनेसीत राज्याचं सर्वोच्च न्यायालय. राज्य सरकारचा वकील तोही असतोच. पण ज्याला मतदारांनी निवडलंय, त्याला गव्हर्नर घरी पाठवू शकत नाही. दोघं वेगवेगळ्या पक्षांचेही असू शकतात. या पदाची खरी ताकद मला इथेच दिसते.

मिसिसिपीचं उदाहरण घ्या. सिगारेट ओढून आजारी पडलेली माणसं कित्येक वर्षं कंपन्यांवर दावे लावत होती आणि हरत होती. कंपन्यांचा बचाव ठरलेला: पाकिटावर इशारा छापलेला होता, तरी तुम्ही ओढत राहिलात, मग दोष आमचा कसा? १९९४ मध्ये तिथले ॲटर्नी जनरल माइक मूर यांनी वेगळीच मांडणी केली. राज्याने तर एकही सिगारेट ओढलेली नाही, पण मेडिकेड या गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेतून या आजारांची बिलं राज्यानेच भरली आहेत, तेव्हा ते पैसे परत करा. गव्हर्नर कर्क फोर्डाइस यांना हा दावा मुळीच पसंत नव्हता. तो थांबवण्यासाठी ते आपल्याच राज्याच्या ॲटर्नी जनरलविरुद्ध राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९७ मध्ये कोर्टाने त्यांची मागणी फेटाळली आणि त्याच वर्षी कंपन्यांनी मिसिसिपीशी तीन अब्ज डॉलरहून मोठ्या रकमेची तडजोड केली. फ्लोरिडा, टेक्सस आणि मिनेसोटा यांनीही स्वतंत्र तडजोडी केल्या. नोव्हेंबर १९९८ मध्ये उरलेल्या ४६ राज्यांशी करार झाला: पहिल्या २५ वर्षांत सुमारे २०६ अब्ज डॉलर, जाहिरातींत कार्टून पात्रं बंद, रस्त्याकडेची मोठी होर्डिंग खाली. आपल्याकडे एखाद्या महाधिवक्त्याने मुख्यमंत्र्यांच्या विरोधाला न जुमानता असा दावा चालवल्याची कल्पना करून बघा. बहुतेक राज्यांनी त्या पैशातला फारच थोडा वाटा व्यसनमुक्तीवर खर्च केला, याचा मला आजही राग येतो. पण तो दोष विधिमंडळांचा.

असे दावे लावता येतात ते एका जुन्या तत्त्वावर: जनतेचं पालकत्व राज्याकडे असतं, म्हणून जनतेच्या वतीने राज्य फिर्यादी होऊ शकतं. ग्राहकांची फसवणूक, कंपन्यांची मक्तेदारी, प्रदूषण, धर्मादाय संस्थांचा कारभार हे सगळं त्यात येतं. शिवाय बहुतेक राज्यांत ग्राहक फसवणुकीच्या चौकशीत दावा लावण्याआधीच कंपनीकडून कागदपत्रं मागवता येतात. हा अधिकार बाहेरून छोटा वाटतो, पण फार मोठा आहे. ओपिऑइड, म्हणजे अफूच्या जातीच्या, व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांच्या प्रकरणात आमच्या तेव्हाच्या ॲटर्नी जनरल मॉरा हीली यांनी २०१८ मध्ये त्या बनवणाऱ्या पर्ड्यू फार्मा कंपनीबरोबर तिच्या मालक सॅकलर कुटुंबातल्या व्यक्तींनाही नावानिशी प्रतिवादी केलं. कंपनीचे अंतर्गत ईमेल त्या दाव्यातूनच लोकांसमोर आले.

खून-दरोड्याचे खटले मात्र बहुतेक राज्यांत काउंटीचा (जिल्ह्याचा) सरकारी वकील, म्हणजे डिस्ट्रिक्ट ॲटर्नी, चालवतो. अपवाद आहेत. पोलिसाच्या हातून मारल्या गेलेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या प्रकरणाची सूत्रं २०२० मध्ये मिनेसोटाचे ॲटर्नी जनरल कीथ एलिसन यांच्याकडे देण्यात आली होती.

केंद्र सरकारलाही हे ॲटर्नी जनरल कोर्टात खेचतात. वाहनांतून निघणाऱ्या हरितगृह वायूंवर नियंत्रण आणायला केंद्राची पर्यावरण संस्था तयार नव्हती, तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या पुढाकाराने काही राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली. समुद्र वाढतोय आणि आमची किनाऱ्याची जमीन जातेय, हे नुकसान कोर्टाने ग्राह्य धरलं. २००७ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी राज्यं जिंकली.

यात राजकारण नसतं का? भरपूर असतं. ओबामांच्या काळात टेक्ससने दाव्यांमागून दावे लावले, ट्रम्प यांच्या काळात डेमोक्रॅट राज्यं तेच करतात. ॲटर्नी जनरलपदावरून गव्हर्नर व्हायची वाटही मळलेली आहे, हीली त्याच वाटेने गव्हर्नर झाल्या. तरीही मला हे पद हवंसं वाटतं, कारण काही वेळा सामान्य माणसासाठी तेवढंच उभं असतं. जानेवारी २०२५ मध्ये जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वावर ट्रम्प यांनी आदेश काढला. तात्पुरत्या व्हिसावरच्या आईवडिलांची बाळंही त्यात वगळली होती, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेली कितीतरी मराठी घरं. आमच्या ओळखीत तेव्हा दिवस गेलेल्या मुली होत्या, त्यांच्या घरातली काळजी मी पाहिली आहे. दुसऱ्याच दिवशी २२ राज्यांचे ॲटर्नी जनरल कोर्टात गेले आणि २३ जानेवारीला सिएटलच्या न्यायाधीशांनी आदेशाला तात्पुरती स्थगिती दिली.

आता तुमच्या मुलीबद्दल. मर्यादा ही, की ॲटर्नी जनरल तिचा स्वतःचा वकील होत नाही. तिची तक्रार ऑनलाइन घेतली जाते, अनेकदा ती कंपनीकडे पाठवून मध्यस्थी होते आणि एकाच कंपनीविरुद्ध तक्रारी साठल्या तर कारवाई होऊ शकते. माझी जिमची मेंबरशिप रद्द करूनही कार्डावरून दर महिन्याला पैसे कापले जात होते. फोन करून काही झालं नाही. ॲटर्नी जनरलच्या ऑफिसकडे तक्रार गेल्यावर पैसे परत आले.

विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त त्रास घराच्या डिपॉझिटचा होतो. मॅसॅच्युसेट्समध्ये घरमालक एका महिन्याच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेऊ शकत नाही, ते वेगळ्या बँक खात्यात ठेवावं लागतं आणि घर सोडल्यावर ३० दिवसांत परत करावं लागतं किंवा कशासाठी किती कापलं याचा हिशोब द्यावा लागतो. घर ताब्यात घेतानाच तिला प्रत्येक खोलीचे फोटो काढायला सांगा. डिपॉझिटची पावती आणि करार जपून ठेवू दे. घरमालकाशी जे बोलणं होईल ते ईमेलवरच करू दे, कारण तक्रारीला हेच कागद जोडावे लागतात.