ताणलेलं रेशीम परत येतं का?

प्रश्न : मी नागपुरात नंदनवनला ब्लाऊज शिवते. कोशाचा (टसर रेशमाचा) अंगासरशी ब्लाऊज चार वेळा घातला की पाठीत आणि काखेत शिवणीपाशी विरतो. गिऱ्हाईक मला बोल लावतं. गांधीबागेत एका दुकानदाराने ‘स्ट्रेच सिल्क’ दाखवलं. ते खरं रेशीम असतं का? आपल्या कोशाला तसा ताण आणता येईल का?

उत्तर : ताई, विरलेली जागा भिंगाखाली धरून बघा. बहुतेकदा धागा तुटलेला नसतो, सरकलेला असतो. कोशाचा तंतू चपटा आणि गुळगुळीत, त्यात आपल्याकडची वीण विरळ. हात पुढे घेतला की पाठीला जास्तीचं कापड हवं असतं. ते मिळालं नाही की सगळा ओढा शिवणीवर येतो. दोष तुमच्या हाताचा नाही.

रेशमाचा धागा तुटण्याआधी साधारण 15 ते 25 टक्के लांबतो. कोसा तुतीच्या रेशमापेक्षाही जास्त लांबतो. अडचण आहे ती परत येण्याची. एक-दोन टक्के ताणलं तर रेशीम जवळपास पूर्ववत होतं. पाच टक्क्यांच्या पुढे गेलं की आतल्या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींवरून घसरतात आणि बऱ्याच तिथेच राहतात. म्हणून बाहीचा कोपर फुगतो आणि तसाच राहतो.

बाजारातल्या स्ट्रेच सिल्कमध्ये सहसा तीन ते आठ टक्के स्पॅन्डेक्स असतं. हा धागा 1958 मध्ये अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी शोधला. तो पाचपट ताणला तरी परत येतो. त्याच्याभोवती रेशीम गुंडाळून बाण्यात, म्हणजे कापडाच्या आडव्या धाग्यात, घालतात. पण त्या नावाखाली पॉलिएस्टरही खपतं. कडेचे दोन धागे जाळा : रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते, पॉलिएस्टरचा मात्र कडक काळा मणी होतो.

स्पॅन्डेक्सला माझा सरसकट विरोध नाही, पण कोशात ते घालायला माझं मन तयार होत नाही. एक तर, स्पॅन्डेक्सचं कापड मापात स्थिर करायला 180 ते 190 अंशांची उष्णता देतात, आणि रेशीम दीडशेच्या पुढेच पिवळं पडू लागतं. म्हणून रेशमाच्या कापडाला उष्णता कमी द्यावी लागते, आणि मग ते पुढे धुण्यात आटतं. दुसरं म्हणजे क्लोरीन, ऊन, घाम आणि गरम इस्त्री यांनी स्पॅन्डेक्स काही वर्षांत मरतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 वर जातो, घामाचं वेगळं सांगायला नको. आईची कोशाची साडी मी आजही नेसते. त्या कापडाचं आयुष्य आतल्या रबरासारख्या धाग्याने ठरवावं, हे मला पटत नाही.

ताण पिळातूनही येतो. क्रेपच्या धाग्याला मीटरला 2000 ते 3000 पीळ देतात, दोन धागे उजव्या पिळाचे, दोन डाव्या, असे आलटून पालटून विणतात. मग कापड साबणाच्या पाण्यात उकळून रेशमावरचा डिंक काढला की अडकलेला पीळ उलगडू पाहतो, धागा नागमोडी होतो आणि पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, आटतो. घातल्यावर ही नागमोड सरळ होते, सोडल्यावर परत येते. तंतूला स्वतःला फारसं ताणावंच लागत नाही, म्हणून तो थकत नाही.

माझे बाबा गोळीबार चौकाजवळ मागावर बसायचे. त्यांच्याच मागावर मी हा प्रयोग केला. कोसा जाड आणि कमीजास्त असतो, इतका पीळ दिला की तुटतो. बाणा कोशाचाच ठेवून पाहिला, दिवसभरात हातभर कापडही झालं नाही. शेवटी ताणा, म्हणजे उभा धागा, आरमोरीकडच्या कोशाचा ठेवला आणि बाणा जास्त पिळाच्या तुतीच्या रेशमाचा. 45 इंची पन्हा उकळल्यावर 36 वर आला. रंग कोशाचाच राहिला, मधासारखा, आणि कापड आडवं छान ताणू लागलं. त्या संध्याकाळी बाबा कितीतरी वेळ तो तुकडा दोन्ही हातांत धरून ओढत आणि सोडत बसले होते.

कापड घेताना दुकानातच तपासा. पेनाने 10 सेंटिमीटरवर दोन खुणा करा, 11 पर्यंत ओढून मिनिटभर धरा, सोडा, पाच मिनिटांनी मोजा. 10.2 च्या आत आलं तर घ्या. कापताना ताणाची बाजू पाठीवर आडवी येऊ द्या, अस्तरही ताणणारं लावा, नाहीतर सगळं फुकट. साधाच कोसा असेल तर पाठ उरेब, म्हणजे तिरपी, कापा. कापड थोडं जास्त लागेल, ते गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

प्रश्न : उमरेडला आमचा हातमाग आहे. धोट्यात, म्हणजे बाणा नेणाऱ्या नळीत, स्पॅन्डेक्सचा धागा चालेल का?

उत्तर : उघडा नको, रेशीम गुंडाळलेला घ्या. तो धोट्यातून कधी सैल, कधी ताणून सुटतो आणि कापडावर आडव्या पट्ट्या उठतात. म्हणून धोट्यात धाग्याला एकसारखा अटकाव राहील असं बघा. किनारीला शेवटची बोटभर जागा साध्या धाग्याची ठेवता येणार नाही, कारण बाणा तिथूनच जातो. किनार चुण्या धरेल. करवतीसारख्या दातेरी, म्हणजे करवती किनारीचं कापड असेल तर हा धागा वापरूच नका, करवतीचे दात वाकडे होतील.