मांगराची दुरुस्ती: आधी पाणी, मग चुना

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

गुरांचा नि पेंढ्याचा मांगर पाडायचा नाही असं ठरवलंस, ते बरं केलंस. जांभ्याच्या भिंती आणि वर मंगलोरी कौलं असलेला मांगर सहसा दोनच गोष्टींनी मरतो: पाणी, आणि ते अडवायला म्हणून मारलेलं सिमेंट.

तळाला हातभर सिमेंटचा गिलावा असेल तर आधी तो काढ. जोत्यातून वर चढणारी ओल जांभ्याच्या छिद्रांतून बाहेर सुकते. ती वाट बंद झाली की ओल आणखी वर चढते आणि गिलाव्याआड चिरा, म्हणजे जांभ्याचा दगड, भुसभुशीत होतो. ग्राइंडर लावू नकोस, चिऱ्याच्या कडा जातात; छिन्नी-हातोडीच बरी. मग जोत्याभोवती साचलेली माती उपस. बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा निदान वीतभर खाली हवी, आणि पागोळ्या पडतात त्या रेषेवर उताराची गटारी हवी. गव्हाणीकडच्या भिंतीला गोमूत्रानं लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, धरलेला असतो. तो ब्रशनं कोरडाच झाड. पाण्यानं धुतलास तर क्षार पुन्हा आत मुरतात.

सांध्यात काय आहे ते पाहायला एक ढेकूळ रात्रभर पाण्यात ठेव. विरघळलं तर माती, टिकलं तर बहुधा चुना. मातीचे सांधे आतून मातीनंच भर, फक्त बाहेरून इंचभर खोल चुन्यानं दरजा भर. चुना कळीचाच, म्हणजे न विरवलेल्या खड्यांचा, आण. पिंपात आधी पाणी, मग थोडी थोडी कळी. उलट केलंस तर उकळतं पाणी अंगावर उडेल. डोळ्यांना चष्मा हवाच. विरलेला चुना गाळून, पाण्याखाली झाकून निदान दोन-तीन आठवडे मुरू दे. मग एक घमेलं चुना, तीन घमेली नदीची खरखरीत वाळू, आणि वरून जमेल तितकं कमी पाणी. मिश्रण नरम होतं ते मळण्यानं. चौपाटीची वाळू जवळ आहे म्हणून भुलू नकोस, त्यातल्या मिठानं नवा लोणा येतो. चिरा भिजवून घे, गिलाव्याचा थर अर्ध्या इंचाच्या आत ठेव आणि आठवडाभर ओलं गोणपाट लाव. एप्रिलच्या उन्हात चुना सुकतो, पण धरत नाही, आणि बोट फिरवलं की पीठ हाताला लागतं. म्हणून चुन्याचं काम डिसेंबर-जानेवारीत उरक.

लाकूड टोच्यानं तपास, विशेषतः खांबाचा बुंधा, भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक आणि वळचणीकडचं वाशाचं टोक. रंग चांगला दिसतो म्हणून फसू नकोस, वाळवी आतून पोखरते. खांब बुडाला कुजला असेल तर तुळईला टेकू देऊन भार उचल, पण एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच, नाहीतर वरचे सांधे कडकड उकलतात. कुजका भाग निरोगी लाकडापर्यंत काप आणि त्याच जातीचा सुका तुकडा तिरक्या सांध्यानं जोड. सांध्याची लांबी खांबाच्या जाडीच्या तिप्पट ठेव. सांध्यात लाकडी खुंट्या मार. खाऱ्या हवेत साधा लोखंडी खिळा गंजून फुगतो आणि लाकूड चिरतो. बुंधा मातीत न ठेवता दगडी तळखड्यावर टेकव. काजूच्या टरफलांचं तेल वाळवीवर चांगलं, पण कातडी भाजतं, तेव्हा हातमोजे घाल.

कौलं दोन्ही पाखांवरून, म्हणजे छपराच्या दोन्ही उतारांवरून, थोडी थोडी, सारखी उतरव. एकच पाख मोकळा केलास तर छप्पर दुसरीकडे कलतं. प्रत्येक कौल बोटानं वाजव: खणखणीत ते ठेव, बद्द ते बाजूला. मागच्या बाजूचा कारखान्याचा छापही बघ. वेगवेगळ्या छापांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत, म्हणून एका पाखावर एकच छाप. कौलं टेकतात त्या रिपांचं अंतर पुस्तकातून घेऊ नकोस, तुझी पाच-सहा कौलं जमिनीवर जोडून मोज. जुन्या नळीच्या कौलांचा मांगर असेल तर हे माप लागूच पडत नाही. आढ्यावरची कौलंही चुन्यातच बसव, म्हणजे पुढच्या शाकारणीला न फोडता निघतात.

मृगाचा पहिला मोठा पाऊस लागला की आत उभा राहा आणि गळेल तिथे वाशावर खडूची खूण कर. ओल्या कौलांवर मात्र चढू नकोस, खुणा ऑक्टोबरपर्यंत तशाच राहू देत. माळ्यावर पेंढा भरताना भिंतीपासून हातभर जागा सोड.

तुझा,
काका