सूर्याचे न्यूट्रिनो रात्री येतात का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: सूर्याचे न्यूट्रिनो, म्हणजे त्याच्या गाभ्यात जन्मणारे विद्युतभार नसलेले अतिसूक्ष्म कण, रात्री थांबतात का, आणि ते कशालाच अडत नसतील तर त्यांच्या अभ्यासातून हाती काय लागतं?

थांबत नाहीत. मी नागपुरात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. नवतपात आम्ही पडदे ओढून, कूलर लावून उन्हापासून वाचतो, न्यूट्रिनोंपासून मात्र वाचता येत नाही. नखाएवढ्या एका चौरस सेंटीमीटरमधून सेकंदाला सुमारे 6,500 कोटी आरपार जातात. रात्री तेच अख्खी पृथ्वी ओलांडून पायाखालून वर येतात. हातातल्या संत्र्यातलं थोडं पोटॅशियमही किरणोत्सारी असतं, त्यातूनही सेकंदाला काही प्रतिन्यूट्रिनो (न्यूट्रिनोचे प्रतिकण) सुटतात. हे सांगितलं की वर्गातली मुलं डब्यातलं संत्रं उलटसुलट करून बघतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच न अडण्यात आहे. सूर्याच्या गाभ्यातली ऊर्जा प्रकाशरूपानं धडकत-धडकत पृष्ठभागाशी यायला हजारो वर्षं घेते, न्यूट्रिनो थेट निघतो आणि आठ मिनिटांत आपल्यापर्यंत पोचतो. 23 फेब्रुवारी 1987 ला मोठा मॅगेलनिक मेघ या शेजारच्या दीर्घिकेतल्या ताऱ्याचा स्फोट दिसला, तेव्हा त्याचे न्यूट्रिनो प्रकाशाच्या काही तास आधी येऊन गेले होते. जपान, अमेरिका आणि रशियातल्या उपकरणांत मिळून जेमतेम दोन डझन सापडले. तेवढ्यांवरून ताऱ्याचा गाभा कोसळतो या सिद्धांताला थेट पुरावा मिळाला. मला भौतिकशास्त्रातली याहून सुंदर गोष्ट माहीत नाही.

न्यूट्रिनो क्वचितच एखाद्या अणूला धडकतो, म्हणून पकडायचे तर भरपूर पाणी किंवा बर्फ हवा, आणि वरून येणारे इतर कण अडवायला जागा खूप खोलवर हवी. कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खाली, भारतातल्या प्रयोगानं 1965 मध्येच वातावरणातल्या न्यूट्रिनोंच्या खुणा टिपल्या होत्या.

आता सगळ्यांचं लक्ष सिसिलीजवळच्या समुद्रात आहे. तिथे साडेतीन किलोमीटर खोलीवरच्या केएम3नेट या न्यूट्रिनो-दुर्बिणीनं 13 फेब्रुवारी 2023 ला एक म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद) टिपला. तो जवळजवळ आडवा आला. त्या वाटेवर शंभराहून जास्त किलोमीटर खडक आणि पाणी आहे, वातावरणात जन्मलेला म्युऑन तिथवर पोचूच शकत नाही. म्हणजे तो न्यूट्रिनोनं दुर्बिणीजवळच निर्माण केला. त्या न्यूट्रिनोची अंदाजे ऊर्जा एलएचसी या जिनिव्हाजवळच्या महाकाय कणत्वरकातल्या प्रोटॉनच्या सुमारे तीस हजारपट आहे. तो एखाद्या महाकाय कृष्णविवराच्या झोतातून आला, की विश्वभर पसरलेल्या सूक्ष्मलहरींवर वैश्विक किरण, म्हणजे अवकाशातून येणारे वेगवान कण, आदळून जन्मला, यावर सध्या वाद चालू आहे, आणि तो मिटवायला असे आणखी कण सापडावे लागतील.